शहाण्णव क्रियापदांची पाणी-तपासणी

आमच्या इमारतीचं पाणी सहा दिवस बंद होतं त्याला मी जबाबदार आहे, असं इमारतीतल्या सोळापैकी पंधरा बिऱ्हाडांचं मत आहे. सोळावं बिऱ्हाड आमचं. आमच्या घरातही मतदान घेतलं असतं तर दोन विरुद्ध एक असा निकाल लागला असता, म्हणून ते मी घेतलं नाही. घडलं ते क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं की सांगणारा जरा कमी दोषी वाटतो, असा माझा अनुभव आहे.

मी पाणी तपासते. बावीस वर्षं हेच करते आहे. विहिरींचं, नळांचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांतून आमच्या प्रयोगशाळेत येतं. मी त्यातला गढूळपणा, रंग, क्षार मोजते आणि अहवालाच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींपैकी एक खोडते. पहिली ओळ 'पिण्यास योग्य', दुसरी 'पिण्यास अयोग्य'. तिसरी ओळ नाही. त्याखाली अधिकृत सही लागते. ती सही करणारे आमचे वरिष्ठ निवृत्त झाले, तेव्हा ती जागा माझ्याकडे येणार हे इतकं उघड होतं की मी एक नवं पेनही घेऊन ठेवलं होतं.

जागेऐवजी पत्र आलं. यापुढे अहवाल इंग्रजीत जातील, सबब अधिकृत सही करणाऱ्याकडे प्रगत इंग्रजीचं प्रमाणपत्र असणं आवश्यक आहे. माझ्याकडे ते नव्हतं. धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे आमच्याकडे सर्वांत शेवटी लागलेली मुलगी, वय एकोणतीस. तिला ब्युरेटची काचनळी कशी धरायची, थेंब कसा सोडायचा, आकडा वाचताना डोळा कुठे ठेवायचा, हे सगळं मी शिकवलं. सहा महिन्यांच्या शेवटच्या तारखेला कचेरी बंद होईपर्यंत मी प्रमाणपत्र दिलं तर जागा माझी, नाहीतर कायमची तिची. तोवर सही ती करणार. माझ्या अहवालांवरसुद्धा.

पहिल्या दिवशी ती माझा अहवाल दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"मॅडम, तुमचं काय वाचायचं? सही करते नुसती."

"सही करणाऱ्याने वाचायला हवं."

"पण तुमचं..."

"वाच."

तिने वाचला. मी टेबलापलीकडे उभी होते, तपासून घ्यायला वही घेऊन आलेल्या मुलीसारखी. चूक निघाली नाही, याचं मला समाधान वाटलं, आणि समाधान वाटल्याचं वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी मी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. आम्ही सतरा जण होतो. माझ्यानंतरची सर्वांत वयस्क विद्यार्थिनी माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान होती. सर हडकुळे, शांत आणि थकलेले होते. पहिले दोन महिने माझं बरं चाललं. मग क्रियापदं आली.

गोष्ट अशी की इंग्रजीत एका क्रियापदापाठोपाठ दुसरं आलं, की दुसऱ्याला कधी आधी 'टू' लागतं, तर कधी शेवटी 'आयएनजी'. 'डिसाइड' केलं की 'टू गो', पण 'एन्जॉय' केलं की 'गोइंग'. काहींना दोन्ही चालतं, पण मग अर्थ फिरतो. 'स्टॉप'पुढे एक लावलं तर माणूस पाणी प्यायला थांबतो, दुसरं लावलं तर तो पाणी पिणंच थांबवतो. सरांनी अशा शहाण्णव क्रियापदांची यादी दिली.

"नियम काय?" मी विचारलं.

"नियम नाही. यादी आहे."

"मग यादी कशावरून केली?"

"मॅडम," सर म्हणाले, "यादी पाठ करायची असते. यादीची चौकशी करायची नसते."

हे मला पटण्यासारखं नव्हतं. नियम नसताना पाण्यातसुद्धा काही विरघळत नाही. मी घरी बसून एक सिद्धांत मांडला: जे अजून व्हायचं आहे त्याला 'टू', जे चालू आहे किंवा होऊन गेलं त्याला 'आयएनजी'. शहाण्णवपैकी एकसष्ट क्रियापदांनी तो पाळला, पस्तिसांनी पाळला नाही. पस्तीस अपवाद असलेली चाचणी आमच्याकडे कुणी दारात उभी करणार नाही. तरीही मी त्याचा आलेख काढून सरांना दाखवला. त्यांनी तो उभा-आडवा फिरवून पाहिला.

"सुंदर आहे," म्हणाले. "परीक्षेत काढू नका."

आमच्या इमारतीत कुणाला काही गुपचूप शिकता येत नाही, कारण जिना फार घुमतो. दोन दिवसांत सोळाही बिऱ्हाडांना माझी यादी ठाऊक झाली. इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "चालत चालत म्हणा. पाय हलले की डोकं हलतं." तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकूंनी सुचवलं, की डाव्या हाताने लिहिलं की उजव्या बाजूला पाठ होतं. हे शरीरशास्त्र मला नवीन होतं. आमचे हे म्हणाले, "देऊन टाक ना जागा त्या मुलीला. कशाला डोक्याला ताप?" हे नकाशे काढण्याचं काम करतात. रेघ वाकडी आली तर पुसून दुसरी काढायची, ही त्यांची एकूण जीवनपद्धती आहे.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर आले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक.

"सूनबाई, एकेक शब्द घरातल्या एकेका जागेला बांधून टाका. मी जगातल्या नद्या अशाच पाठ केल्या. एक खंड कपाटात, एक बाथरूममध्ये, एक गच्चीवर. आजसुद्धा विचारा."

"आणि माझा चष्मा कुठल्या खंडात ठेवलाय ते विचारा त्यांना!" वरून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

मला पद्धत आवडली. निदान तिच्यात पद्धत होती.

आमच्या प्रयोगशाळेत जुन्या छापाच्या नमुना-चिठ्ठ्या रद्दीत निघाल्या होत्या. साहेबांना विचारून मी शंभर घरी आणल्या. त्या तीन रंगांच्या असतात. नेहमीच्या नमुन्याला पांढरी, पाणी दूषित असल्याचा संशय असेल तर पिवळी, फेरतपासणीला हिरवी. मी 'टू'वाल्यांना पांढरी दिली, 'आयएनजी'वाल्यांना पिवळी आणि दोन्हीकडून बोलणाऱ्यांना हिरवी. पांढऱ्या अडतीस, पिवळ्या एकेचाळीस, हिरव्या सतरा. चिठ्ठीवर रकाने छापलेले होते: नमुन्याचे नाव, नमुना घेतल्याचे ठिकाण, पत्ता, तारीख, नमुना घेणाऱ्याची सही. मी पहिल्यात क्रियापद लिहिलं, दुसऱ्यात घरातली जागा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रिकामा रकाना माझ्याने बघवत नाही. शास्त्राच्या शिक्षणाचे काही दुष्परिणाम असतात. मी शहाण्णव वेळा घराचा पत्ता लिहिला, शहाण्णव वेळा तारीख घातली आणि शहाण्णव सह्या केल्या. वाफेने कागद ओलावू नये म्हणून प्रत्येक चिठ्ठी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि घरभर लावून टाकल्या.

"अगं, माझ्या खुर्चीला हे काय लोंबतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"'रिफ्यूज', आई."

"म्हणजे काय?"

"नकार देणे."

"आख्ख्या घरात माझीच खुर्ची बरी सापडली!"

मी 'रिफ्यूज' काढून ह्यांच्या दाढीच्या आरशाला लावलं आणि आईंच्या खुर्चीला 'होप' दिलं. "आशा करणे," मी सांगितलं. "आता कसं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

आठ दिवसांनी मी ओट्यापाशी उभी राहून म्हणत होते, "'फिनिश'... 'फिनिश'..."

"पिवळी!" बाहेरून आवाज आला. "साखरेचा डबा!"

आईंना इंग्रजी येत नाही. पण कुठल्या डब्यावर काय आहे हे त्या चाळीस वर्षांत एकदाही विसरलेल्या नाहीत. मी त्यांची चाचणी घेतली. शहाण्णवपैकी शहाण्णव. त्यांनी माझी घेतली. शहाण्णवपैकी एकाहत्तर. हे गुण त्यांनी जिन्यात कुणाला सांगितले नाहीत, म्हणजे कुणी विचारल्याशिवाय सांगितले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सरांनी सराव परीक्षा ठेवली. जेवणाच्या सुट्टीत उजळणी करावी म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या काढून, क्रमाने लावून एका खोक्यात भरल्या आणि कामावर घेऊन गेले. खोकं घरात जे होतं ते, आमच्याच नमुन्यांच्या बाटल्यांचं. हजेरीवर सही करण्यापुरतं मी ते नोंदणीच्या काउंटरवर टेकवलं. तेवढ्यात वरून निरोप आला की एक यंत्र भलतेच आकडे दाखवतंय. मी धावले. यंत्राला वठणीवर आणायला दोन तास लागले.

नोंदणीच्या काउंटरवर काका बसतात. एकतीस वर्षं बसतात. काउंटरवर आलेली वस्तू म्हणजे नमुना, हे त्यांचं तत्त्व आहे. खाली आले तर खोकं रिकामं.

"काका, यात होतं ते?"

"झालं मॅडम. शहाण्णव. हात भरून आला. दोन हजार दोनशे सतरा ते दोन हजार तीनशे बारा. शीतकपाटात ठेवलेत."

"काका, ते नमुने नव्हते!"

"चिठ्ठी होती?"

"होती."

"सही होती?"

"होती."

"कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"मग?" काका म्हणाले.

"पण पिशवीत पाणी कुठे होतं? नुसती चिठ्ठीच तर होती!"

"पिशवीत काय आहे ते प्रयोगशाळा सांगते. ते मीच सांगायला लागलो तर तुम्ही कशाला?"

मी म्हटलं, "बरं, खोडून टाका."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नियमपुस्तिका चौदाव्या पानावर उघडून माझ्याकडे फिरवली. 'एकदा नोंद झालेला नमुना कोणत्याही कारणास्तव रद्द करता येणार नाही.' आठ वर्षांपूर्वी कुणीतरी वजन वापरून नको असलेला नमुना परत न्यायला बघत होतं, तेव्हा हे कलम लिहिलं गेलं. लिहिणारीचं नाव खाली छापलेलं होतं. 'कोणत्याही कारणास्तव' या दोन शब्दांचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

"आणि पिवळ्यांचं पत्र गेलं," काका म्हणाले.

"कुठे?"

"वरच्या कचेरीत. संशयित नमुना आला की तासाभरात कळवायचं. ते पुढचं कलम. तेही तुमचंच."

वरच्या कचेरीच्या दृष्टीने चित्र असं होतं: एकाच घरातून एकाच दिवशी दूषित पाण्याचे एकेचाळीस संशयित नमुने, आणि ते खुद्द पाणी तपासणाऱ्या बाईंनी सही करून आणलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आली आणि त्यांनी इमारतीच्या टाकीला सील ठोकलं. मग चौकशीला आमच्या घरी आली.

"साखरेच्या डब्यातून नमुना घेतलाय?" त्यांतल्या जाड्याने यादी बघत विचारलं.

"ती क्रियापदं आहेत," मी म्हणाले.

"ते अहवालात येईलच."

"पिवळी," सासूबाई मधेच म्हणाल्या. "साखरेला पिवळी."

जाड्याने वर पाहिलं. "आजी, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"तोंडपाठ आहे मला. बाथरूममध्ये चार आहेत, चारही पिवळ्या. हिला विचारू नका, ही पंचवीस चुकते."

त्याने हे सगळं लिहून घेतलं. मला त्या क्षणी आईंचा राग आला नाही. साक्षीदार म्हणून त्या निर्दोष होत्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या पाच जणांचं पोट दुखू लागलं. शिवणकामाच्या काकू म्हणाल्या, "मला तर महिनाभरापासून चव वेगळी लागत होती. म्हटलं, कशाला बोला!" सगळे कोपऱ्यावरच्या हातपंपावरून बादल्या वाहू लागले. मास्तर दोन बादल्या घेऊन आमच्या मजल्यावर टेकले, दम खाल्ला आणि म्हणाले, "सूनबाई, मी एवढ्या नद्या पाठ केल्या, पण एकही बंद पडली नव्हती हो."

सेक्रेटरींनी जिन्यातच सभा भरवली. मी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे," सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून आमचं पाणी गेलं."

विधान स्थूलमानाने बरोबर होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. ह्यांनी माझी बाजू घेतली नाही. घेऊन बोलले असते तरी काय बोलले असते, हा प्रश्न आहेच. त्यांनी फक्त चार बादल्या जास्त आणल्या.

कामावर साहेबांनी बोलावलं. "हे बघा, शहाण्णव अहवाल गेले की सील निघेल. सगळ्यांवर 'अयोग्य' खोडा आणि पाठवून द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"न तपासता?"

"मॅडम, चिठ्ठ्या आहेत त्या!"

"मग त्या पिण्यास योग्य आहेत असं कसं लिहू?"

साहेबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तुम्हाला हवं ते करा, पण लवकर करा."

मी प्रत्येक चिठ्ठी शंभर मिलिलिटर शुद्ध पाण्यात तासभर भिजवली आणि ते पाणी तपासलं. माझ्या बावीस वर्षांत मी न तपासता एक ओळ खोडलेली नाही, आणि क्रियापदांसाठी सुरुवात करायचं कारण नव्हतं. पांढऱ्या पास झाल्या. हिरव्याही झाल्या. पिवळ्यांचा रंग सुटला. मर्यादेच्या तिप्पट. एकेचाळीसच्या एकेचाळीस पिण्यास अयोग्य.

मी काचेच्या भांड्यांची ती पिवळी रांग बघत उभी होते, तेव्हा धाकटी आली.

"मॅडम, 'अयोग्य' असं गेलं तर तुमच्या इमारतीचं पाणी सुरू होणार नाही."

"माहीत आहे."

"आणि 'योग्य' लिहिलं तर..."

"ते मी लिहिणार नाही."

"लिहिलंत तरी मी सही करणार नाही," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे... सॉरी मॅडम."

मी तिच्याकडे पाहिलं. गेल्या तीन महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याआधी मी फक्त तिच्या सहीकडे बघत होते.

"सॉरी कशाला? बरोबर बोललीस. आता उपाय सांग."

उपाय तिनेच काढला. अहवालाला शेऱ्याचा एक रकाना असतो. त्यात लिहायचं की नमुना पाण्याचा नसून कागदाचा आहे, रंग कागदाचा आहे, आणि इमारतीच्या पाण्याबद्दल या निकालावरून काहीच सिद्ध होत नाही. साहेबांनी मान्यता दिली. मात्र शेरा इंग्रजीत हवा, पूर्ण वाक्यात हवा, आणि प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र हवा. 'वरीलप्रमाणे' चालत नाही. ते कलम कुणाचं, हे मी विचारलं नाही.

अहवाल तीन प्रतींत हाताने लिहायचा असतो. शहाण्णव गुणिले तीन, दोनशे अठ्ठ्याऐंशी. नमुन्याचं नाव शेऱ्यात घालणं सक्तीचं असल्याने मला प्रत्येक क्रियापदाचं एक खरं वाक्य करावं लागलं. आम्ही असं ठरवलं, आम्ही तसं टाळलं, आम्ही निष्कर्ष काढायला नकार दिला, आम्ही ढवळणं संपवलं. पहिल्या दिवशी धाकटीने बावीस अहवाल परत पाठवले. चुकलेल्या 'टू'भोवती पेन्सिलने बारीक गोल काढले होते. इतके बारीक, की दिसू नयेत अशीच तिची इच्छा असावी. मी ते बावीस पुन्हा तीन-तीन प्रतींत लिहिले. दुसऱ्या दिवशी नऊ आले. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी एकही आला नाही, तेव्हा मीच उठून विचारायला गेले की वाचलेस ना.

"वाचले," ती म्हणाली. "दोनदा."

सहाव्या दिवशी सील निघालं. वरच्या कचेरीने दरम्यान टाकीचं खरं पाणीही तपासलं होतं. ते उत्तम निघालं.

"उत्तम होतं?" सेक्रेटरी म्हणाले. "मग सहा दिवस कशासाठी?"

पाच पोटं त्यानंतरही दोन दिवस दुखत राहिली.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. पंख्याखालची जागा मिळाली. प्रश्नपत्रिकेचं दुसरं पान उघडलं, तर त्यावर माझे नमुने ओळीने उभे. मला नियम आठवला नाही, घरातली जागा आठवली नाही, साखरेचा डबासुद्धा आठवला नाही. आठवले ते नोंदणी क्रमांक. दोन हजार दोनशे एकेचाळीस, पिवळा, रंग सुटला. हात पुढचं आपोआप लिहीत गेला. यादी पाठ करायची असते, असं सर म्हणाले होते. मी ती पाठ केली नाहीच. सक्तमजुरीत ती अंगात मुरली.

पास झाल्याचं कळलं, पण कागद हातात येईना. प्रमाणपत्र पोस्टाने येणार होतं. मी पत्ता प्रयोगशाळेचा दिला होता. घरचा द्यायचं धाडस झालं नाही, तो पत्ता आता फार ठिकाणी ओळखीचा झाला होता. शेवटची तारीख उजाडली. अकरा वाजता मी काउंटरवर गेले.

"काका, माझं काही पाकीट?"

"आलं. नोंदवलं. दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी."

मी काउंटरची कड धरली. "काका, पाकिटावर माझं नाव आहे!"

"नाव आहे, सही आहे, तारीख आहे, क्रमांक आहे. वर शिक्कापण आहे. तुमच्या चिठ्ठ्यांपेक्षा पक्का नमुना आहे हा."

नोंदवलेली वस्तू अहवाल झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. अहवालावर अधिकृत सही लागते. अधिकृत सही करायला मला ते प्रमाणपत्र लागत होतं. शिवाय ज्याचा हितसंबंध आहे त्याने स्वतःचा नमुना तपासू नये, असंही एक कलम आहे. कोणाच्या लेखणीचं, ते सांगत नाही. थोडक्यात, तपासणी धाकटीने करायची आणि सही धाकटीने करायची. ती सही झाली की धाकटीची जागा गेली. न झाली, तर ती कायम.

साडेपाचला कचेरी बंद होते. मी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले. नमुने घेऊन येणारी माणसं बसतात तो बाक. बावीस वर्षांत त्यावर कधी बसले नव्हते. तो जरा डुगडुगतो. आतून भांड्यांचे आवाज येत होते. आत जाऊन "काय करतेस?" विचारावं असं चार वेळा वाटलं. विचारलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. तिच्या हातात अहवाल होता आणि प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्राचा खालचा डावा कोपरा नव्हता. स्वच्छ, सरळ कापलेला, साधारण एक चौरस सेंटिमीटर.

"कोपरा?" मी विचारलं.

"शंभर मिलिलिटरमध्ये भिजवला. एक तास." ती भराभर बोलत होती. "आख्खं बुडवायला जीव होईना, मॅडम, म्हणून प्रातिनिधिक तुकडा घेतला. अक्षरं नाहीत तिथलाच. चालेल ना?"

"किती वेळा मोजलंस?"

"तीन."

"रंग?"

"मर्यादेत."

मी अहवाल हातात घेतला. 'पिण्यास अयोग्य' ही ओळ पट्टी लावून खोडली होती. खाली सही होती, नेहमीपेक्षा जरा मोठी.

"ही तुझी शेवटची सही," मी म्हणाले.

"हो. म्हणून जरा जपून केली."

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. त्यांनी प्रमाणपत्र उजेडात धरलं. "याचा कोपरा कुठे गेला?"

मी अहवाल पुढे सरकवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, तळाच्या ओळीशी थोडं थांबले, मग एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हिला हे कुणी शिकवलं?"

"मी."

"दिसतंय," साहेब म्हणाले. त्यांनी नक्कल ठेवून घेतली, मूळ प्रत परत दिली आणि शिक्का मारला. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी नवं पेन काढलं. इतके महिने पडून राहून त्याची शाई वाळली होती. धाकटीने तिचं दिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी निरखलं. मग कोपऱ्याच्या जागी बोट ठेवलं.

"हे काय?"

"तपासायला घेतलं, आई."

"रंग सुटला?"

"नाही."

"मग कागद चांगला दिलाय," त्या म्हणाल्या, आणि प्रमाणपत्र साखरेच्या डब्यामागे उभं करून ठेवलं. "इथेच असू दे. तू विसरशील."